लाइट जाऊन आल्यावर निम्मी लॅब बूट होत नाही: नेटवर्क बूटमधला दोष कुठे शोधायचा

गुरुवारी देखभालीसाठी लाइट जाणं पुण्याला नवं नाही. ती परत आली की हार्ड डिस्क नसलेल्या, म्हणजे सर्व्हरवरची डिस्क नेटवर्कवरून वापरणाऱ्या पीसींच्या लॅबमध्ये एक ठरलेला प्रकार होतो. काही मशिन नीट उठतात, काही काळ्या पडद्यावर बूट डिव्हाइस नाही असं सांगून थांबतात, एखाददुसरं अर्ध्यापर्यंत जाऊन अडकतं. अडकलेली मशिन बंद करून पुन्हा चालू केली की बहुतेक उठतात. पुढच्या गुरुवारी अडकणारी मशिन मात्र वेगळीच असतात.

पेठांमधल्या टायपिंग संस्था आणि छोट्या क्लासेसच्या लॅब सांभाळताना ही तक्रार माझ्याकडे वारंवार येते. "काल संध्याकाळपर्यंत सगळं चालू होतं हो सर, कुणी हातसुद्धा लावलेला नाही," असं मॅडम सांगतात, आणि ते अगदी खरं असतं. मग कुणीतरी सर्व्हर फॉरमॅट करायला सुचवतं, कुणी नवा स्विच घ्या म्हणतं, कुणी सरळ प्रत्येक पीसीला एसएसडी बसवायचा खर्च काढून देतं. राज्य परीक्षा परिषदेची टायपिंगची परीक्षा तोंडावर आलेली असते आणि मुलं सरावाला येऊन परत जातात. म्हणून हे सगळं एकदा सविस्तर लिहितो आहे.

मुद्दा आधीच सांगतो. आज चालतं, उद्या नाही, परवा पुन्हा चालतं, असं असेल तर कॉन्फिगरेशन फाइल उघडून बसू नका. फाइल चुकीची असती तर रोजच अडलं असतं. असा येऊन-जाऊन दोष बहुतेक वेळा दोन ठिकाणी असतो: कोण कोणाआधी उठलं यात, किंवा पीसीने विचारल्यावर उत्तर कोणी दिलं यात.

पीसी डिस्क शोधतो म्हणजे नेमकं काय करतो

डिस्क नसलेल्या पीसीकडे सुरुवातीला फक्त मदरबोर्डचं फर्मवेअर (चिपमध्येच भरलेला प्रोग्रॅम; जुना प्रकार बायोस, नवा यूईएफआय) आणि त्यातला किंवा नेटवर्क कार्डावरचा पीएक्सई हा छोटा प्रोग्रॅम असतो. पीएक्सईचा अजूनही चालणारा आराखडा, आवृत्ती २.१, इंटेलने १९९९ मध्ये काढला. पीएक्सईला पार्टिशन, फाइलसिस्टिम वगैरे काही कळत नाही. डीएचसीपीने (आयपी पत्ते वाटायच्या पद्धतीने) पत्ता मागायचा आणि उत्तरात ज्या फाइलचं नाव येईल ती टीएफटीपीने (फाइल पाठवायच्या साध्या पद्धतीने) उतरवून चालवायची, एवढंच त्याला येतं. नेटवर्कवरून अख्खी डिस्क देणारं आयस्कझी हे प्रमाण त्यानंतर, २००४ मध्ये आलं. त्यामुळे साध्या पीएक्सईला आयस्कझीची ओळखच नाही. मधला दुवा म्हणून आपण आयपीएक्सई हा आयस्कझी कळणारा बूट प्रोग्रॅम वापरतो. पीएक्सईने उतरवायची फाइल म्हणजे आयपीएक्सईच.

आता क्रम बघा. पीएक्सई पत्ता घेतो आणि आयपीएक्सई उतरवतो. आयपीएक्सई नेटवर्क कार्ड आपल्या ताब्यात घेतो आणि स्वतः पुन्हा डीएचसीपीने पत्ता मागतो. या वेळी उत्तरात किंवा स्क्रिप्टमध्ये आयस्कझी टार्गेटचं, म्हणजे सर्व्हर ज्यातून डिस्क देतो त्याचं, नाव मिळतं. तो सर्व्हरच्या टीसीपी पोर्ट ३२६० वर लॉगिन करतो, मिळालेली डिस्क साध्या हार्ड डिस्कसारखी पीसीपुढे मांडतो आणि जोडणीचा तपशील मेमरीत आयबीएफटी नावाच्या तक्त्यात लिहून ठेवतो. बूटलोडर आणि कर्नल (लिनक्सचा गाभा) त्या डिस्कवरून वाचले जातात. कर्नल सुरू झाला की आयपीएक्सईचं काम संपलं. कर्नलचा ड्रायव्हर कार्ड नव्याने सुरू करतो, इनिटरॅमएफएस (मेमरीतली तात्पुरती फाइलसिस्टिम) तिसऱ्यांदा पत्ता मागतं, आयबीएफटी वाचतं, पुन्हा लॉगिन करतं आणि मग कुठे रूट, म्हणजे मुख्य फाइलसिस्टिम माउंट होते.

म्हणजे एका बूटमध्ये पत्ता तीनदा मागितला जातो आणि डिस्क दोनदा जोडली जाते. बऱ्याच कार्डांवर प्रत्येक हस्तांतराच्या वेळी लिंकही पडून पुन्हा उठते. "पहिल्यांदा आयपी मिळाला की हो, मग नंतर का नाही?" हा प्रश्न इथेच सुटायला लागतो.

आधी पडद्यावरची शेवटची ओळ

अडकलेल्या मशिनचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. फोटो नको, कारण कामाची ओळ डोळ्यांसमोरून निघून जाते आणि शेवटी उरतो तो सगळ्यांचा सारखाच "बूट डिव्हाइस नाही" हा संदेश. त्याने काहीच कळत नाही.

जुन्या धाटणीच्या बायोसमध्ये पीएक्सई-ई६१ आलं तर केबल किंवा पोर्ट बघा, त्यापुढे विचार करायची गरज नाही. ई५१ म्हणजे पत्ता मागितला पण कुणीच उत्तर दिलं नाही. ई५३ म्हणजे उत्तर आलं, पण त्यात बूट फाइलचं नाव नव्हतं. या दोन्हींतला फरक फार मोलाचा आहे, कारण ई५१ मध्ये आपला सर्व्हर गप्प असतो आणि ई५३ मध्ये बहुधा दुसराच कुणीतरी बोललेला असतो. ई३२ म्हणजे फाइलचं नाव मिळालं, पण टीएफटीपी सर्व्हरने ती दिली नाही. यूईएफआयमध्ये आकडे बदलतात. तिथे कुणीच उत्तर न दिल्याचा आकडा ई१६ आहे.

आयपीएक्सई सुरू झाल्यानंतर अडलं तर काम सोपं होतं, कारण तो प्रत्येक चुकीबरोबर एक सांकेतिक क्रमांक आणि त्याच्याच संकेतस्थळाचा पत्ता दाखवतो. टार्गेटने जोडणी नाकारली, वेळ संपली आणि लॉगिन फेटाळलं, हे तीन वेगळे दोष आहेत. जोडणी नाकारली म्हणजे सर्व्हर जिवंत आहे, पण आयस्कझीची सेवा चालू नाही. वेळ संपली तर रस्त्यात अडथळा आहे किंवा पीसीला भलत्याच सबनेटचा (नेटवर्कच्या दुसऱ्याच भागाचा) पत्ता मिळालेला आहे. लॉगिन फेटाळलं तर बहुधा सर्व्हरच्या यादीत त्या पीसीचं इनिशिएटर नाव (आयस्कझीसाठीची पीसीची ओळख) नाही.

सर्व्हर अजून उठतोय आणि पीसी विचारून मोकळे

लाइट आल्याबरोबर सगळं एकदम चालू होतं. पीसी काही सेकंदांत पीएक्सईपर्यंत पोचतो. सर्व्हरला मात्र रेड कंट्रोलर (अनेक डिस्क एकत्र चालवणारं कार्ड), मेमरीची तपासणी, फाइलसिस्टिमची तपासणी आणि सेवा सुरू होणं, एवढं सगळं उरकायचं असतं. पीएक्सईच्या नियमात वाट बघायचे टप्पे ठरलेले आहेत: ४, ८, १६ आणि ३२ सेकंद. म्हणजे साधारण मिनिटभर विचारून तो हात टेकतो. बूट क्रमात पुढे दुसरं काही नसेल तर मशिन तिथेच थांबतं. अर्ध्या तासाने सर्व्हर छान चालू दिसतो, म्हणून त्याच्यावर कुणाचा संशय जात नाही.

याची खूण सोपी आहे: अडकलेली मशिन हाताने पुन्हा चालू केली की एकूण एक उठतात. उपाय बायोसमध्ये आहे. लाइट आल्यावर आपोआप चालू व्हायची सेटिंग पीसींवर बंद ठेवा आणि सर्व्हरवर चालू ठेवा. मग सर्व्हरने डीएचसीपी, टीएफटीपी आणि आयस्कझी तिन्ही सुरू झाल्याची खात्री करून वेक-ऑन-लॅनने, म्हणजे नेटवर्कवरून संदेश पाठवून, पीसी उठवावेत. एक खबरदारी घ्या. काही मदरबोर्ड वीज पूर्ण तुटल्यावर वेक-ऑन-लॅन विसरतात आणि एकदा हाताने चालू केल्याशिवाय दाद देत नाहीत. म्हणून सगळ्या लॅबला लावण्याआधी एका मशिनची पिन काढून, परत लावून बघा. ज्यांच्यावर ते चालत नाही ती मशिन बटणाने चालू करावी लागली तरी चालेल, फक्त सर्व्हर उठल्यानंतर करा.

आयपीएक्सईच्या स्क्रिप्टमध्येही पुन्हा प्रयत्न करायची फेरी घाला: पत्ता मिळाला नाही तर पाच सेकंद थांब आणि पुन्हा माग, डिस्क जोडली गेली नाही तर तेच. स्क्रिप्टमधल्या चारपाच ओळींत पुष्कळ फोन वाचतात.

सर्व्हरच्या आतही हीच शर्यत असते. आयस्कझीची सेवा सुरू झाली, पण ज्या एलव्हीएम व्हॉल्यूमवर (लिनक्सने डिस्कमधून वेगळ्या काढलेल्या भागावर) डिस्क ठेवल्या आहेत तो अजून जागा झालेला नाही, असं झालं की टार्गेट दिसतं आणि त्यात डिस्क नसते. लॉगिन यशस्वी होतं आणि पुढे काहीच सापडत नाही. सिस्टिमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) आयस्कझीची सेवा स्टोरेज तयार झाल्यानंतरच सुरू होईल असं स्पष्ट लिहा. टार्गेट मांडायला टार्गेटसीएलआय हा प्रोग्रॅम वापरत असाल तर बदल केल्यावर कॉन्फिगरेशन जतन झालंय ना तेही बघा. न जतन केलेला बदल पुढचा रिबूट होईपर्यंत बिनबोभाट चालतो आणि मग नाहीसा होतो.

पीसी विचारतोय, सर्व्हरला ऐकू जात नाही

हा दोष सगळ्यांत जास्त वेळ खातो, म्हणून इथे जरा थांबतो. मॅनेज्ड (सेटिंग बदलता येणारा) स्विच असेल तर त्यावर बहुतेकदा स्पॅनिंग ट्री, म्हणजे केबलची गोल जोडणी झाली तर ती ओळखून तोडणारी सोय, चालू असतं. जुन्या पद्धतीच्या स्पॅनिंग ट्रीमध्ये पोर्टची लिंक उठली की स्विच १५ सेकंद ऐकतो, १५ सेकंद शिकतो आणि मगच पॅकेट पुढे सोडतो. केबलचा दिवा हिरवा असतो, पीसी विचारत असतो, पण ही ३० सेकंदं त्याचा आवाज पोर्टच्या पुढे जात नाही.

पीएक्सई मिनिटभर धीर धरतो, म्हणून पहिल्या टप्प्यात निभावतं. मग आयपीएक्सई कार्ड नव्याने सुरू करतो, लिंक पडते आणि स्विच पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागतो. आयपीएक्सई मुळात पीएक्सईपेक्षा लवकर हात टेकतो. नव्या आवृत्त्या स्पॅनिंग ट्रीची पॅकेट ओळखून थांबतात, जुन्या थांबत नाहीत. पुढे कर्नलच्या वेळी तिसऱ्यांदा तेच. लाइट गेल्यावर तर स्विचसुद्धा नव्याने उठत असतो, त्यामुळे कुठलं मशिन नेमकं कुठल्या क्षणी विचारतं यावर सगळं अवलंबून राहतं आणि दर वेळी वेगळी मशिन अडतात.

हे तर्काने ठरवू नका, बघा. सर्व्हरवर टीसीपीडंप हा नेटवर्कवरची पॅकेट दाखवणारा प्रोग्रॅम लावा, लॅबकडचा इंटरफेस निवडा, डीएचसीपीचे यूडीपी पोर्ट ६७ आणि ६८ पकडा, मॅक पत्ते (प्रत्येक नेटवर्क कार्डाचा स्वतःचा क्रमांक) आणि सविस्तर माहिती दिसेल असे पर्याय द्या. एक मशिन चालू करा आणि त्याच्या पडद्याकडे आणि टर्मिनलकडे एकदम लक्ष ठेवा. पहिल्या टप्प्यात डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट, ॲक असे चार संदेश ओळीने येतील, मग टीएफटीपीची फाइल जाईल. त्यानंतर पीसीच्या पडद्यावर आयपीएक्सई पत्ता मागत ठिपके टाकत असेल आणि टर्मिनलवर मात्र एकही ओळ सरकत नसेल, तर दोष सर्व्हरचा नाही. प्रश्न सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नाही.

आणखी एक बारीक गोष्ट याच ओळींत सापडते. डीएचसीपीच्या प्रत्येक डिस्कव्हरमध्ये सेकंदांचा एक आकडा असतो, पीसी किती वेळापासून विचारतोय हे सांगणारा. नीट उठणाऱ्या मशिनच्या पहिल्या डिस्कव्हरमधला आकडा आणि अडणाऱ्या मशिनचा त्याच टप्प्यातला आकडा शेजारी ठेवा. अडणाऱ्याचा आकडा मोठा असेल तर त्याचे आधीचे प्रश्न वाटेत गेले, हे सिद्ध झालं. स्विच विकणाऱ्याशी बोलताना हा पुरावा फार उपयोगी पडतो.

उपाय: ज्या पोर्टला पीसी जोडलेत त्या पोर्टवर पोर्टफास्ट किंवा एज पोर्ट ही सेटिंग करा, म्हणजे तिथे ३० सेकंदांची वाट बघावी लागणार नाही. सगळं स्पॅनिंग ट्री बंद करू नका. लॅबमध्ये कुणी एकच केबल दोन्ही टोकांनी स्विचला लावली तर अख्खं नेटवर्क बसतं, आणि त्यापासून वाचवणारं तेवढंच असतं. एज पोर्टसोबत बीपीडीयू गार्ड (त्या पोर्टवर स्पॅनिंग ट्रीचं पॅकेट आलं की तो बंद करणारी सेटिंग) लावलं तर उत्तमच.

दुसराच कुणी उत्तर देतोय

आता ई५३, किंवा आयपीएक्सईचा "बूट करण्यासारखं काही नाही" हा संदेश. याचं कारण पुण्याच्या लॅबमध्ये बहुतेकदा भिंतीवर टांगलेलं सापडतं: नवीन ब्रॉडबँड घेतलं, त्यासोबत वायफाय राउटर आला, आणि बसवणाऱ्या मुलाने त्याच्या लॅन पोर्टची केबल लॅबच्या स्विचमध्ये खोचली. त्या राउटरमध्ये डीएचसीपी चालू असतं. तो आपल्या सर्व्हरइतकाच तत्परतेने पत्ते वाटतो, पण बूट फाइलबद्दल त्याला काहीच ठाऊक नसतं. लाइट आल्यावर तो सर्व्हरच्या आधी उठतो आणि मैदान त्याला मोकळं मिळतं.

दोन ऑफर आल्या तर बूट फाइलचं नाव असलेली निवडावी, असं पीएक्सईचा नियम सांगतो. पण सगळी फर्मवेअर ते नीट पाळत नाहीत आणि नंतरच्या टप्प्यांत जी आधी येईल तिच्यावर काम चालतं. कुणाचं उत्तर पीसीने स्वीकारलं हे रिक्वेस्ट संदेशात दिसतं. तो सगळ्या नेटवर्कला ऐकू जातो आणि त्यात निवडलेल्या सर्व्हरचा पत्ता लिहिलेला असतो. तिथे आपल्या सर्व्हरऐवजी १९२.१६८.०.१ असं काही दिसलं की चोर सापडला. मॅनेज्ड स्विच असेल तर त्या राउटरचा मॅक पत्ता कुठल्या पोर्टवर आहे ते स्विचच्या तक्त्यातून कळतं. साधा स्विच असेल तर एकेक केबल काढत जा.

राउटरचं डीएचसीपी बंद करा. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग (परक्या सर्व्हरची डीएचसीपी उत्तरं अडवणारी सोय) असेल तर फक्त सर्व्हरचा पोर्ट विश्वासाचा ठरवा, म्हणजे पुढच्या वेळी कुणी काहीही खोचलं तरी फरक पडणार नाही. राउटरला हात लावता येत नसेल, तर डीएनएसमास्क हा छोटा डीएचसीपी सर्व्हर प्रॉक्सी पद्धतीने चालवा: पत्ता राउटर देईल, बूट फाइलचं नाव आपला सर्व्हर. या मांडणीत दोन ऑफर दिसणं बरोबरच आहे, तेव्हा त्या बघून दचकू नका. फक्त सर्व्हरचा पत्ता आणि टार्गेट मात्र आयपीएक्सईच्या स्क्रिप्टमध्येच लिहा.

नेहमी तीच दोनतीन मशिन अडत असतील

मग वरचं सगळं बाजूला ठेवा आणि मदरबोर्डवरची नाण्यासारखी सीआर२०३२ बॅटरी बदला. तपकीर गल्लीत ती कुठेही मिळते. बॅटरी संपली की वीज तुटल्यावर बायोसची सेटिंग मूळपदावर जातात. नेटवर्क बूट बंद होतं, किंवा मशिन जुन्या बायोस पद्धतीवरून यूईएफआयवर जातं, किंवा सिक्युअर बूट चालू होऊन सही नसलेला आयपीएक्सई नाकारला जातो. तारीख मागे गेलेली दिसली तर निदान पक्कं.

बायोस आणि यूईएफआय दोन्ही प्रकारची मशिन असतील तर सर्व्हरने एकच फाइल सगळ्यांना देऊ नये. पीसी डीएचसीपीच्या पर्याय ९३ मध्ये आपला प्रकार सांगतो: ० म्हणजे जुना बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय. पहिल्याला अनडीआयओन्ली.केपीएक्सई, दुसऱ्याला आयपीएक्सई.ईएफआय. आणि विचारणारा आयपीएक्सई स्वतः असेल तर त्याला स्क्रिप्ट द्या, नाहीतर तो स्वतःलाच पुन्हा पुन्हा उतरवत बसेल.

चालू लॅब मध्येच गोठते

हा त्याच दुखण्याचा दुसरा चेहरा. सर्व्हर यूपीएसवर, पीसी यूपीएसवर, आणि कोपऱ्यातल्या रॅकमधला स्विच थेट भिंतीच्या सॉकेटवर. हे मी इतक्या ठिकाणी पाहिलंय की आता लॅबमध्ये शिरल्यावर आधी स्विचची वायर कुठे जाते ते बघतो. वळवाच्या पावसात लाइट लुकलुकली की पीसी बंद पडत नाहीत, पण त्यांची डिस्क ज्या वाटेने येते ती वाटच जाते. लिनक्सचं ओपन-आयस्कझी तुटलेली जोडणी परत येण्याची मूळ सेटिंगनुसार १२० सेकंद वाट बघतं. त्यानंतर वाचन-लेखनाच्या चुका वर जातात, फाइलसिस्टिम फक्त वाचण्यापुरती उरते आणि मुलाचं टाइप केलेलं पान जातं. रूट डिस्कच आयस्कझीवर असेल तर ही मुदत ८६४०० सेकंद करा आणि मधूनमधून जोडणी तपासणारे नूप संदेश शून्यावर ठेवा. पीसी गोठेल, पण वाट परत आली की जिथे होता तिथून चालू लागेल. स्विच मात्र आजच यूपीएसवर घ्या.

एक कळकळीची सूचना. वेळ वाचवण्यासाठी एकच लिहिता येणारी आयस्कझी डिस्क दोन पीसींना देऊ नका. साध्या फाइलसिस्टिमला दुसरा कुणी लिहितोय हे कळतच नाही. काही दिवस सगळं ठीक दिसतं आणि मग डेटा असा बिघडतो की दुरुस्त होत नाही. सगळ्यांना एकच प्रतिमा हवी असेल तर ती फक्त वाचण्यापुरती ठेवा आणि प्रत्येकाचे बदल वेगळ्या थरात जाऊ द्या. एलटीएसपी हे अशा लॅबसाठीचं लिनक्स सॉफ्टवेअर हेच करतं.

दुरुस्ती झाली असं वाटलं की रविवारी लॅब रिकामी असताना सर्व्हर आधी नीट बंद करा, मग मेन स्विच पाडा, थोडं थांबा आणि वर करा. टीसीपीडंप सर्व्हर उठल्या उठल्या आपोआप चालू होईल असं लावून ठेवा. एखादं मशिन तरीही अडलं तर त्याचा व्हिडिओ, त्या पाच मिनिटांची पकडलेली पॅकेट, स्विचचं मॉडेल आणि मशिन बायोसवर आहे की यूईएफआयवर, एवढं घेऊन जाणकाराकडे जा.